आपल्या धंद्यातले शेठ

माझी बायको सुमन गुरुवारी सकाळी गेली. दहाव्या दिवशी मी मुंडण केलं, चष्मा आत ठेवला आणि ओसरीत सतरंजीवर बसलो. दुपारी चष्मेवाले तायडे आले, माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी मलाच विचारलं, "सर कोठी गेले?"

तायडे मला सव्वीस वर्षं ओळखत होते. त्यांनी असं का विचारलं हे समजायला आधी तायडे समजावे लागतील.

बडनेऱ्याला स्टेशनकडून बाजारात जाताना डाव्या हाताला त्यांचं दुकान आहे. आत पाऊल टाकलं की तायडे मान वर करतात आणि म्हणतात, "या, मायनस सहा." हे माझं नाव. मी अमरावतीच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो, बाकी सगळे मला सर म्हणतात. तायडेंच्या दुकानात मी मायनस सहा. सुमन प्लस दोन होती. बँकेचे साहेब तिरक्या नंबरामुळे 'मायनस सव्वादोन, सिलिंडरवाले'. कोपऱ्यावरच्या वकिलांना नुसतं 'बायफोकल'. वकिलांनी एकदा तक्रार केली, "तायडेभाऊ, मले नाव हाये ना." तायडे म्हणाले, "नाव मायबापानं ठेवलं, साहेब. नंबर तुमचा सोताचा हाये."

एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी आठ-दहा कार्यकर्त्यांसह दुकानात शिरले. त्यांचे फलक तेव्हा प्रत्येक खांबावर होते. तायडेंनी सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि विचारलं, "यातल्या कोणाचा नंबर काढाचा हाये?" कार्यकर्त्यांचे चेहरे उतरले. पुढारी मात्र खूश झाले. पुढे ते सभांमधून सांगत, मला साधं गिऱ्हाईक समजणारा एकच माणूस या बडनेऱ्यात आहे. तायडेंची रोखठोक म्हणून जी ख्याती झाली ती तिथून.

फ्रेम गिऱ्हाइकाने निवडायची नाही, तायडेंनी द्यायची, हा दुकानाचा दुसरा नियम. एकदा तिवस्याचे दोघे भाऊ आले. दोघांचा नंबर सारखा, दोघांना फ्रेमही सारखीच हवी होती. तायडे हलेनात.

"एका घरात दोन सारखे चष्मे मी देत नाई."

"काहून?"

"अदलाबदल होते."

"आमचा नंबरच एक हाये. अदलाबदल झाली तं बिघडलं काय?"

"तुमचं काई नाई बिघडत," तायडे म्हणाले, आणि एकाला काळी, दुसऱ्याला तपकिरी फ्रेम बांधून दिली. मी बाकावर बसून हसत होतो. त्या उत्तरात काय होतं हे कळायला मला फार वर्षं लागली.

चार-पाच वर्षांपूर्वी या दुकानात अमेरिकेचे शेठ आले. म्हणजे बातम्यांतून आले. तिकडच्या मोठमोठ्या कंपन्यांचे मालक सांगू लागले, की मोबाईलचे दिवस भरत आलेत. उद्या सगळं जग चष्मा लावून हिंडेल आणि जे काय पाहायचं, वाचायचं, विचारायचं ते त्या काचेवरच उमटेल. तायडेंना ही बातमी म्हणजे घरात सोयरीक जुळल्यासारखी वाटली.

"पाहा, मायनस सहा. ज्याइच्यापाशी सगळं हाये, तेही शेवटी चष्म्याच्याच धंद्यात आले. आपल्या धंद्यातले शेठ."

त्यांनी दोन शेठांचे फोटो वर्तमानपत्रातून कापून अक्षरांच्या तक्त्याशेजारी चिकटवले. एकाला ते 'टी-शर्टवाला' म्हणत, दुसऱ्याला 'जाकीटवाला'. दोघांच्या मालाची परीक्षा ते फोनवर पाहून करत. "काडी जाड केली पाहा. कान दुखते अशानं. अन् या नाकावरच्या गाद्या? मे महिन्यात अकोल्याले घालून दाखव म्हणा, हनुवटीवर येईन." एकदा टी-शर्टवाल्याने कुठल्याशा समारंभाला कोट घातला, तर तायडे अर्धा तास भलत्याच शेठची निंदा करत बसले. मी चूक दाखवली तेव्हा म्हणाले, "मंग त्यानं कपडे काहून बदलले?"

मला या शेठांची भीती वाटे. मी पुस्तकातला माणूस. पुस्तक मिटता येतं. डोळ्यांपुढची काच कोण मिटणार? मी एकदा तायडेंना म्हणालो, "आपण यांना निवडून दिलेलं नाही. तीन-चार माणसं समुद्रापलीकडे बसून ठरवणार की बडनेऱ्याच्या माणसाला काय दिसावं. लिंबाकडे पाहिलं की लिंबावर जाहिरात. माणसाकडे पाहिलं की त्याच्या डोक्यावर त्याचं नाव, गाव, काम."

तायडे काच पुसत होते. हात थांबला.

"डोक्यावर नाव येईन?"

"येईल."

"सगळ्याइच्या?"

"तेच तर भीतीचं आहे."

"त्यात भीतीचं काय हाये?" ते म्हणाले आणि पुन्हा काच पुसू लागले.

याच विषयावर मी वाचनालयात एक भाषणही केलं. गर्दीत अनोळखी राहणं हा माणसाचा हक्क आहे, असं त्यात एक वाक्य होतं. ते मी घरी तीनदा लिहून सुधारलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या तायडेंनी वाजवल्या नाहीत. सुमन परतताना म्हणाली, "तायडेभाऊंना काहीतरी लागलं." मी म्हटलं, त्यांच्या शेठांना बोललो ना, म्हणून. सुमन म्हणाली, "तेवढंच नसेल."

ती असं अर्धं बोलून सोडून देत असे.

तर त्या दहाव्या दिवशी मी सतरंजीवर बसलो होतो. आम्हाला मूल नाही, म्हणून अग्नी मी दिला आणि मुंडणही माझंच झालं. चष्म्याशिवाय मला समोरचा माणूस म्हणजे एक उभा धब्बा दिसतो. आवाजावरून मला तायडे कळले. त्यांना मात्र मी कळलो नाही. उत्तराची वाट न पाहता ते हळू आवाजात बोलू लागले.

"बाहेर गेले असतीन. माणूस चांगला हाये बाप्पा. पुस्तकातलं बोलते, पण चांगला हाये. बाईशिवाय त्याले सोताचा टॉवेल सापडत नाई. आता कसं करते काय माहीत. रोज दुकानात येऊन बस म्हणतो मी त्याले, पण यायचा नाई. मानी हाये."

मला वाईट वाटलं नाही. दहा दिवस लोक येऊन आत्म्याबद्दल बोलत होते. टॉवेलबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं.

"येईन मी, तायडे," मी म्हणालो.

माझा आवाज त्यांना ओळखू आला होता. त्यांनी माझा हात धरला. त्या दिवशी त्यांनी मला नंबराने हाक मारली नाही.

"सर, मले चेहरे ध्यानात राहत नाईत. लहानपणापासून. नाक दिसते, डोये दिसतात, मिशा दिसतात. पण सगळं मिळून कोण झालं, ते नाई समजत. आरशात मी उभा हाये हे समजते, काहून का आरशात दुसरं कोण राहीन?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. आपण दिलेला चष्मा आपल्याला कुठेही ओळखू येतो, म्हणून तर चष्म्याचं दुकान टाकलं, असं ते म्हणाले. मला एकदम काळी फ्रेम आणि तपकिरी फ्रेम आठवली. लग्नकार्यात त्यांची बायको त्यांच्या अर्धं पाऊल पुढे चालायची आणि समोरून येणाऱ्याशी मोठ्याने बोलायची, "या भाऊजी, तेल्हाऱ्याहून कवा निघाले? कापूस वेचून झाला का?" एवढ्यात तायडेंना नातं, गाव आणि धंदा तिन्ही कळून जाई. "शेठलोक आता जे काढून राहिले ना, सर, ते आमच्या घरी तीस वर्षं होतं. वैशालीची माय गेली अन् मी लग्नाले जाणं सोडलं."

वैशाली ही त्यांची एकुलती एक मुलगी. अकोल्याला असते, शाळेत शिकवते. लहानपणापासून तिला चष्मा होता. तिने अकोल्याला नवं घर बांधलं त्या सुमाराला लेझरचं ऑपरेशन करून चष्मा घालवला आणि बापाला कळवलं नाही. घरभरणीच्या दिवशी समोर उभं राहून चकित करायचं असं तिच्या मनात होतं. तायडे पोचले. फाटकात चार-पाच बाया उभ्या होत्या. त्यातली एक हसत होती. तायडेंनी तिलाच विचारलं, "बाई, वैशाली कुठी हाये?"

सासरचे सगळे ऐकत होते. चष्मेवाल्याने चष्मा काढलेल्या मुलीला टोमणा मारला, असं सगळ्यांना वाटलं. मुलीलाही तेच वाटलं. ती म्हणाली, "चष्मा नाही तर लेकही नाही का, बाबा?" आवाज ऐकून तायडेंना ती कळली, पण तोवर शरम आडवी आली होती.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. मी म्हतलं, हो, रागच आला मले. राग आला म्हतलं का माणूस मोठा वाटते. लेक ओळखू आली नाई म्हतलं तं काय वाटन?"

या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. ती फोन करत नव्हती आणि ते करायला धजत नव्हते. आता त्यांची सगळी भिस्त शेठांवर होती. एकदा तो चष्मा बाजारात आला की ते अकोल्याला जाणार होते, फाटकात उभं राहून काचेवरचं नाव वाचणार होते आणि पहिल्याच हाकेला 'वैशाली' म्हणणार होते. मला माझं भाषण आठवलं. तीनदा सुधारलेलं वाक्यही आठवलं.

मी दुकानात जाऊन बसू लागलो. महिनाभरात तो चष्मा खरोखरच आला. पुण्यात नोकरी करणारा एक इंजिनिअर सुट्टीवर घरी आला होता. त्याच्या स्मार्ट चष्म्याला नंबरच्या काचा बसवून हव्या होत्या. तायडेंनी तो दोन्ही हातांनी घेतला. काचा बसवून झाल्यावर म्हणाले, "एकडाव लावून पाहू का?" इंजिनिअरने चालू करून दिला. तायडेंनी डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे तोंड केलं.

"हे कोण हायेत?"

चष्म्याला वऱ्हाडी कळली नाही. इंजिनिअरने तोच प्रश्न हिंदीतून विचारला. तायडे काचेवर उमटलेली अक्षरं मोठ्याने वाचू लागले. समोर एक वयस्कर पुरुष आहेत. त्यांनी चष्मा घातला आहे. डोक्यावर केस कमी आहेत.

"तेवढं तं मलेही दिसते," तायडे म्हणाले. "नाव सांग म्हणा."

"काका, नाव नाही सांगत तो," इंजिनिअर म्हणाला. "लोकांनी खाजगीपणावरून फार ओरडा केला, म्हणून कंपनीने ते बंद ठेवलंय."

तायडेंनी चष्मा उतरवला, पुसला आणि डबीत घातला. माझ्याकडे पाहिलं नाही. बडनेऱ्यात ओरडा करणारा मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. टी-शर्टवाल्या शेठला पत्र लिहायचं होतं. मजकूर त्यांचा, इंग्रजी माझं. मराठी मसुदा अजून माझ्यापाशी आहे. सुरुवात अशी: "मी आपल्याच धंद्यातला असून बडनेरा येथे माझे दुकान आहे. आपला चष्मा पाहण्यात आला. काडी जाड आहे. नाकाच्या गाद्या उन्हाळ्यात टिकणार नाहीत. तरी प्रयत्न चांगला आहे." मग जाहिरातींविषयी दोन ओळी: रस्ता ओलांडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जाहिरात आणू नये, गिऱ्हाईक मेल्यास दुसरा चष्मा कोण घेईल. आणि शेवटी: "चेहऱ्यावरून नाव सांगण्याची सोय आपण बंद ठेवली, ते ठीकच असेल. आमचे सर म्हणतात की त्याचा दुरुपयोग होईल, आणि ते वाचलेले आहेत. परंतु मला सगळ्या जगाचे चेहरे नकोत. एक पुरे. फोटो सोबत जोडला आहे."

फोटो वैशालीच्या लग्नातला होता. त्यात तिला लाल फ्रेमचा चष्मा होता. आता चष्माच नाही, तर या फोटोचा काय उपयोग, हे मी बोललो नाही.

मी इंग्रजी करून दिलं आणि पत्र रजिस्टरने पाठवलं. ती सोय नसावी असं मी अजूनही मानतो. पण त्या दिवशी लिहिताना माझ्या लक्षात आलं, की उद्या नफा दिसला तर शेठ ती सोय सुरूही करतील, आणि सुरू करताना किंवा बंद करताना तायडेंना कुणी विचारणार नाही. त्यांना विचारायचं राहिलं होतं ते माझ्याकडूनही. त्यांची मुलगी अमेरिकेत नव्हती. गाडीने दीड तासावर होती.

रविवारी मी तायडेंना न सांगता अकोल्याला गेलो. वैशालीने दार उघडलं, मला पाहून तिचा चेहरा आक्रसला.

"सर, बाबांनी पाठवलं का तुम्हाला?"

"नाही. त्यांना कळलं तर दुकानातून हाकलतील."

मी मसुदा पुढे केला. ती उभ्याने वाचू लागली. नाकाच्या गाद्यांपाशी थोडी हसली. शेवटच्या ओळी तिने पुन्हा वाचल्या आणि विचारलं, "एक पुरे म्हणजे काय?" तेव्हा मी सांगितलं. दुसऱ्याचं गुपित मी आयुष्यात पहिल्यांदा फोडलं.

ती खुर्चीवर बसली. बराच वेळ कागदाची घडी करत आणि उलगडत राहिली.

"आई लग्नात बाबांच्या पुढे पुढे चालायची," ती म्हणाली. "आम्ही चिडवायचो, आईला मिरवायला लय आवडते म्हणून. आणि माझी फ्रेम, सर. पहिलीपासून लाल. दर वर्षी लाल. मी रडायची, बाबा, एकदा तरी निळी द्या. शाळेत पोट्टे मले सिग्नल म्हणायचे. बाबा म्हणायचे, लाल टिकते."

मग ती म्हणाली, "लाल चष्मा घालून जाऊ का? नुसत्या काचेचा मिळेल."

"ते तुझं तू ठरव," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी दुपारी मी दुकानात बसलो होतो. दारात एक बाई येऊन थांबली. चष्मा नव्हता. तायडेंनी मान वर केली आणि गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं पाहिलं. आत यायच्या आधी ती म्हणाली, "बाबा, मी वैशाली."

तायडे उठले. हातातली काडी खाली पडली. मग ताठ होऊन म्हणाले, "सांगाले काहून लागते? बापाले लेक ओळखू येत नाई का?"

"येते ना," ती म्हणाली. "मला सांगावंसं वाटलं."

तिने मला ओळख दाखवली नाही, हा तिचा मोठेपणा. पण तायडेंना कळलंच. पुढचे चार दिवस ते मला मायनस पाच म्हणत होते. तेवढी शिक्षा मी मुकाट्याने भोगली.

त्या दुपारी तिने बापाचं कपाट आवरलं, काडीचा स्क्रू बसवून दिला, दोन शेठांचे फोटो पाहून "हे कोण, आपले पाहुणे का?" असं विचारलं. तायडे रंगात येऊन गाद्यांचं सांगू लागले. मध्येच ती मागच्या बाजूला हात धुवायला गेली. परत येताना पडद्यापाशी क्षणभर थांबली आणि साध्या आवाजात म्हणाली, "वैशाली." मग आत येऊन बसली. तायडेंनी बोलणं थांबवलं नाही.

शेठचं उत्तर आलेलं नाही. वैशाली महिन्यातून दोन शनिवार येते आणि प्रत्येक वेळी दारात थांबून नाव सांगते. त्या दिवशी मीही तिथे बसलेला असतो.